धान्याचा हत्ती

ताई अमेरिकेहून परत आली आणि आमच्या घरातले आवाज एकेक करून गेले. आधी रेडिओ गेला. मग दाढी करताना बाबा काहीतरी गुणगुणायचे ते थांबलं. आईला भांडी आदळायची जन्माची सवय, पण तीही आता पातेली अलगद पालथी घालू लागली, घरात कुणी आजारी निजलं असावं तशी. कुकरच्या शिट्टीवर मात्र कुणाची सत्ता चालत नव्हती. ती झाली की आम्ही तिघंही नकळत आतल्या खोलीच्या दाराकडे बघायचो. दार लोटलेलं असायचं आणि त्याच्याआड ताई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. शिट्टीने ती दचकली की नाही, एवढंसुद्धा आम्हाला बाहेरून कळायचं नाही.

खरं तर ती जागा आनंदाची होती. कसब्यातल्या दोन खोल्या सोडून आम्ही सहकारनगरला आलो ते तिथल्या उजेडासाठी, असं बाबा सांगायचे. मागे तळजाईची टेकडी, खाली तळमजल्यावर लेलेकाकूंचा पारिजातक, आणि वर गच्ची. गच्ची कागदोपत्री सगळ्या इमारतीची होती, पण तिचा जिना आमच्या दारावरून जायचा, त्यामुळे आम्ही ती बिनदिक्कत आमचीच समजत होतो. पापड तिथे वाळायचे, मी अभ्यास तिथे करायचे, आणि रविवारी अळूचं फदफदं आणि भात खाऊन सुस्तावलेले बाबा तिथेच सतरंजी टाकून आडवे व्हायचे. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. ताई, म्हणजे अनघा, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आई-बाबांची ती अनू. मी रंजू. रांगोळीत ताईचा हात धरणारं आमच्या भागात कुणी नव्हतं आणि गप्पांत माझा, अशी आमची वाटणी लहानपणीच झालेली होती.

तेव्हा आमच्या ओळखीत ज्यांना ज्यांना लग्नाच्या मुली होत्या, त्या सगळ्यांना एकच जावई हवा होता: सॉफ्टवेअरमधला आणि अमेरिकेतला. आधीच्या पिढीला बँकेतला चालायचा, त्याच्याआधी मास्तरही चालायचा. आता लक्ष्मी रोडवर दर चार दुकानांमागे एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि मीही कॉलेज सुटलं की त्यातल्याच एका क्लासला जाऊन बसत होते. ताईसाठी जे स्थळ आलं त्याच्या फोटोत मुलगा एका लांबलचक लाल गाडीला टेकून उभा होता. आईने तो फोटो सगळ्या इमारतीला दाखवला. गाडी त्याची नव्हती हे ताईला तिथे गेल्यावर कळलं. बाकीचंही बरंच तिथे गेल्यावरच कळलं. त्याच्या घरात लग्नाच्या आधीपासून एक बाई होती, लग्न त्याने आईवडिलांचं तोंड बंद करायला केलं होतं, आणि ताईने काय करायचं हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलेलाच नव्हता. उन्हाळ्यात त्याने तिला विमानात बसवून दिलं. दोन महिने माहेरी राहून ये, परतीचं तिकीट पाठवतो, असं सांगितलं. हे सगळं ताईने आम्हाला एका दमात कधीच सांगितलं नाही. आठवड्याला एखादं वाक्य ती बोलायची आणि पुन्हा भिंतीकडे वळायची. आम्ही ती वाक्यं जोडत बसायचो.

ती जेवायची नाही, हे आईचं सर्वांत मोठं दुःख होतं. ताट झाकून तिच्या खोलीत ठेवलं जायचं आणि तसंच परत यायचं. कधी आमटीचा एखादा घोट कमी झालेला असायचा, पोळ्यांना तर हातसुद्धा लागलेला नसायचा. नातेवाईक समाचाराला येत. चहा पिता पिता हलक्या आवाजात बोलत आणि जाताना आईचा हात दाबत. कुणी मेलेलं नसताना आमच्याकडे चार महिने सुतक चालू होतं. मला त्या माणसांचा इतका संताप यायचा की मी चहात मुद्दाम साखर कमी घालायचे. त्याचा उपयोग काही झाला नाही, ती येतच राहिली.

श्रावणातल्या एका दुपारी मी कॉलेजातून आले तर घर उघडं आणि ताई नाही. आई गिरणीत गेली होती. मी गच्चीवर धावले. ताई कठड्यावर बसली होती, पाय बाहेर सोडून. मला हाक मारायची भीती वाटली. मी हळूच जाऊन तिच्याशेजारी कठड्याला टेकून उभी राहिले आणि तिचा दंड धरला. तो इतका बारीक झाला होता की माझी बोटं एकमेकांना टेकली. ती म्हणाली, "रंजू, खाली बघितलं ना, तरी भीती वाटत नाही." मी तिला उतरवून खाली आणलं आणि तिच्याजवळ बसून राहिले. संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते उठून बाजारात गेले आणि गच्चीच्या दारासाठी कुलूप घेऊन आले. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. कारखान्यात जातानाही ते ती घेऊन जात. पापड वाळवायचे राहिले तरी आईने त्या वर्षी कधी तक्रार केली नाही.

आईने तिच्या परीने लढाई सुरू केली. सोमवार, गुरुवार आणि शुक्रवार हे तिचे उपासाचे वार झाले आणि उरलेल्या वारी ती जेवायचं विसरायची. घर कापराच्या आणि धुपाच्या वासाने भरलेलं असायचं, पडद्यांनासुद्धा तो वास लागला होता. आमचा देव्हारा आणि फोन एकाच भिंतीला होते. फोनवर आईने स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण असायचं. पूजा झाल्यावर उदबत्ती ओवाळताना तिचा हात देवांवरून सुरू व्हायचा आणि सरकत सरकत फोनपर्यंत जायचा. तिला ते कळत नसावं. मला दिसायचं आणि मी नजर दुसरीकडे वळवायचे. कारण आमच्या घरात देवाकडे आता एकच काम उरलं होतं, तो फोन वाजवायचं, आणि तेवढंही त्याला जमत नव्हतं.

माझी स्वतःची अवस्था काही फार बरी नव्हती. लहानपणापासून मी पर्वतीवर जाऊन डोळे मिटून काहीबाही मागितलं होतं आणि त्यातलं थोडंफार मिळालंही होतं. त्या वर्षी मी मागणं सोडलं. देव नाहीच असं म्हणून मोकळं व्हावं, असंही वाटायचं, पण मग रागवायचं कुणावर हा प्रश्न उरायचा. रोज संध्याकाळी क्लासमधून चालत घरी येताना आमच्या इमारतीचा कोपरा आला की मी थांबायचे. गल्लीत माणसांची गर्दी नाही ना, कुणी वर बोट दाखवत नाही ना, हे आधी बघायचे आणि मग पुढे जायचे. इतक्या वर्षांनंतर आजही कुठल्याही इमारतीखाली चार माणसं जमलेली दिसली की मी आधी वर बघते.

नवरात्राच्या तोंडावर आई शनिवार पेठेतल्या एका गुरुजींकडे जाऊन आली. त्यांनी सांगितलं, अष्टमीला कुमारिकांना बोलवा, मुलीला स्वतःच्या हाताने नऊ धान्यांचा गजराज काढायला लावा, त्याची पूजा करा, त्याच्याभोवती देवीची गाणी म्हणू द्या, जावई स्वतः होऊन बोलावणं पाठवेल. आईने ऐकलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हा तर भोंडलाच की. आमच्या गच्चीवर दर वर्षी इमारतीतल्या मुलींचा भोंडला व्हायचा. पाटावर खडूने कसाबसा हत्ती काढायचा, फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेला डबा कानाशी हलवून आत काय खिरापत आहे ते ओळखायचं, एवढाच कार्यक्रम. एका वर्षी हत्ती मी काढला होता. लेलेकाकूंनी तो चष्मा सावरून नीट पाहिला आणि डुक्कर छान जमलंय म्हणून शेरा मारला. कुणी ओळखू नये म्हणून आई खिरापतीला दर वर्षी काहीतरी तिरपागडं करायची आणि आदल्या दिवसापासून मुलींना चिडवत राहायची. ती आई मला आठवत होती आणि समोरच्या बाईत सापडत नव्हती.

कारण या वर्षीच्या भोंडल्याला नियम होते. खिदळायचं नाही. फेर मोडायचा नाही. खिरापत पंचखाद्याची, आणि ती पंचखाद्याचीच असणार हे आईने निमंत्रण देतानाच सांगून टाकलं, म्हणजे ओळखायचं काही उरलंच नाही. ताईने दिवसभर पाणीसुद्धा प्यायचं नाही, कोरड्या तोंडाने हत्ती काढायचा. आई सगळ्या मजल्यांवर जाऊन हे नियम सांगून आली. लेलेकाकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलींनी हॉल तिकीट आणायचं का?" आईला ते कळलंसुद्धा नाही. नको, नुसत्या आल्या तरी चालतील, असं ती म्हणाली.

अष्टमीला बाबांनी रजा टाकली. दुपार कलल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढून गच्चीचं कुलूप उघडलं, मग खुर्ची नेऊन कठड्याला लागून ठेवली आणि पेपर घेऊन तिथे बसले. पेपरचं एकही पान त्यांनी उलटलं नाही. ताईला मी हाताला धरून वर नेलं. महिन्या-दीड महिन्यात ती उन्हात आली नव्हती, तिने डोळ्यांवर हात धरला. आईने नऊ वाट्यांत नऊ धान्यं मांडली होती. ताई पाटापुढे बसली आणि काढायला लागली. ज्वारीचं अंग, गव्हाचे कान, तांदळाचे सुळे, पाठीवर मसुराची झूल, पायांना हरभऱ्याची नखं, कडेने तिळाची रेघ, खाली मुगाची हिरवी जमीन, मागे तुरीचा डोंगर आणि शेवटी डोळ्याच्या जागी उडदाचा एकच दाणा. हात तिचाच होता, हत्ती देखणा झाला होता, पण ती स्वतः त्यात कुठे नव्हती. एखादी बाई दुसऱ्याच्या घरची भाजी निवडून देते तशी ती ते दाणे लावत होती. आईचे ओठ सारखे हलत होते, तिचा जप चालला होता.

हळदीकुंकू वाहून झालं आणि खाली फोन वाजला.

आईने ज्या नजरेने आमच्याकडे पाहिलं ती मी विसरू शकत नाही. तिला वाटलं, झालं काम. हातातलं निरांजन तिने तसंच पाटाशेजारी ठेवलं आणि ती जिना उतरून धावली. तिच्या मागे बाबा, त्यांच्या मागे मी आणि शेवटी भिंतीला हात लावत लावत ताई. फोन बाबांनी घेतला. नाशिकहून ताईचे सासरे बोलत होते. आम्हाला फक्त बाबांचं "बरं" ऐकू येत होतं. बरं, बरं, असं ते म्हणत राहिले आणि त्यांचा चेहरा पडत गेला. फोन ठेवून त्यांनी क्रोशाचं झाकण पुन्हा नीट घातलं. मग म्हणाले, "घटस्फोटाचे कागद पाठवताहेत. अनूने सही करून द्यावी, उगाच ताणण्यात अर्थ नाही, असं म्हणाले." आई फोनच्या खालीच भिंतीला टेकून जमिनीवर बसली. रडली नाही. बाबा तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले, आणि मी वळून पाहिलं तर दारात उभी असलेली ताई तिथे नव्हती. जिन्यावर तिची पावलं वाजत होती. गच्चीचं दार उघडं होतं.

मी किती पायऱ्या गाळल्या मला माहीत नाही. वर पोचले तेव्हा ताई गच्चीच्या उंबरठ्यातच उभी होती आणि तिने एक हात मागे करून मला अडवलं. "थांब," ती कुजबुजली. "हलू नकोस."

हत्तीवर चिमण्या बसल्या होत्या. इतक्या की पाटाचं लाकूड दिसत नव्हतं. आम्ही आजवर खडूचाच हत्ती काढत आलो होतो. उघड्या गच्चीवर धान्याचा देव मांडून सगळ्यांनी खाली निघून जायचं नसतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्या मागोमाग धापा टाकत बाबा आले आणि त्यांच्यामागून आई. आईने पाटाकडे बघितलं मात्र, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो फोन ऐकूनही निघाला नव्हता. अपशकुन, अपशकुन, म्हणत तिने चिमण्या हाकलायला हात उचलला. ताईने तो वरचेवर धरला.

"खाऊ दे, आई," ती म्हणाली. "त्यांना कुठे माहितीये हा कशासाठी काढलाय ते."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग हात सोडवून घेऊन ती खाली गेली आणि आतल्या खोलीत, ताईच्याच पलंगावर, ताई पडायची तशी भिंतीकडे तोंड करून पडली. मला तिच्यामागे जायला हवं होतं, पण माझा पाय गच्चीवरून निघेना. बाबांचाही निघेना. ते पुन्हा कठड्याजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले.

ताई उंबरठ्यातच उकिडवी बसली. मी तिच्याशेजारी. आणि मग आम्ही दोघी चिमण्या बघत बसलो. एवढंच केलं, पण ते एवढंसं करायला आम्ही विसरून गेलो होतो. गळ्याखाली काळा डाग असलेला एक दांडगट चिमणा तांदळाच्या सुळ्यांवर हक्क सांगून बसला होता आणि जवळ येईल तिच्यावर धावून जात होता. तो असा धावला की मागच्या मागे दुसरीच कुणीतरी येऊन सुळा कमी करून जायची. एक चिमणी मान वाकडी करकरून फक्त तीळ टिपत होती. एकीने हरभरा उचलला, तो चोचीत मावेना, पडला, गडगडत गेला आणि दोघीजणी टुणटुणत त्याच्या मागे पळाल्या. निरांजन अजून जळत होतं. त्याला वळसा घालून एक खार आली, तिने मुगाची जमीन हुंगली आणि नापसंत करून निघून गेली.

"बघ, आता ही मसूर उचलेल आणि टाकून देईल," ताई म्हणाली. चिमणीने मसूर उचलला आणि टाकून दिला. मी म्हटलं, पुढची नाही टाकणार. ताई म्हणाली, लाव पैज. पुढचीनेही टाकला. मग आमच्या पैजा सुरू झाल्या: कोण काय उचलेल, कोण कुणाला हाकलेल, आधी शेपटी संपेल की सोंड. मी हरत होते, कारण मी नुसतं तोंडाला येईल ते म्हणत होते आणि ताई खरंच बघत होती. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली होती, पूर्वी रांगोळीची रेघ ओढताना पडायची ती. बघता बघता सोंड गेली, अंग गेलं, कान कुरतडलेल्या कागदासारखे उरले. मसुराची झूल मात्र तशीच होती, आत कुणी नसताना, आणि झुलीच्या पुढे पाटावर उडदाचा तो एकटा काळा दाणा. चिमण्यांना उडीद नको होता. सगळा हत्ती पोटात गेला आणि डोळा तेवढा मागे राहून आमच्याकडे बघत होता.

ताई हसली. आधी तिच्या नाकातून नुसता फस्सकन आवाज आला, तो ऐकून तीच दचकली, आणि मग तिला आवरेना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली आणि त्यात शेवटी शेवटी रडणंही होतं, दोन्ही वेगळं करता येण्यासारखं नव्हतं. बाबांनी पेपर चेहऱ्यासमोर धरला होता. तो थरथरत होता.

माझ्या लेकीच्या मोबाइलमध्ये आता एक बाई आहे. रोज सकाळी ती इंग्रजीतून सांगते, डोळे मिटा, मन रिकामं करा, पक्ष्यांचे आवाज ऐका. पक्ष्यांचे आवाजही तीच ऐकवते, कारण आमच्या अकराव्या मजल्यावर दुसरे कुठले पोचत नाहीत. लेक म्हणते, आई, तूही करत जा, शांत वाटतं. मी तिला हसत नाही. त्या दुपारी गच्चीच्या उंबरठ्यात मला जे वाटलं त्याला शांत म्हणतात की आणखी काही, मला सांगता येत नाही. कुणाकडून काहीही नको असताना मी पहिल्यांदाच देवासमोर बसले आहे, असं मला वाटलं, आणि समोर देव म्हणून जे होतं ते भांडत होतं, उड्या मारत होतं आणि त्याला आमच्या दुःखाची काडीचीही पर्वा नव्हती. मला ते फार बरं वाटलं. चार महिने ज्याला त्याला आमची पर्वा होती आणि त्या पर्वेखाली आम्ही चेंगरून गेलो होतो.

ऊन उतरल्यावर मुली आल्या. नियमांच्या धाकाने त्या ओळीने जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या पमीने पाट पाहिला आणि हत्ती कुठाय म्हणून विचारलं. "चिमण्यांच्या पोटात," ताई म्हणाली, "आणि चिमण्या टेकडीवर." मग मुलींना काही धाक उरला नाही. झूल आणि डोळ्याभोवती त्यांनी फेर धरला. ताई बाजूला उभी राहिली. तशी रीत कुमारिकांची, आणि ती आता कोण होती हे कुणालाच, तिलासुद्धा, ठरवता येत नव्हतं. मुलींच्या मागून लेलेकाकू कंबरेवर हात ठेवत जिना चढून आल्या होत्या. पासष्टीच्या बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. त्या सरळ फेरात घुसल्या आणि ताईला म्हणाल्या, "हात धर गं माझा, एकटीला चक्कर येते. आणि मला तरी कोण कुमारिका म्हणणार आहे?" ताईने त्यांचा हात धरला. गाणी तिला सगळी पाठ होती. आवाज बसलेला होता, निम्मी गाणी तो नुसता खरखरत राहिला, पण पाय बरोबर पडत होते.

खिरापतीचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. आई पडून होती आणि पंचखाद्याचं किसलेलं खोबरं तसंच परातीत पडलं होतं. ताई मधेच खाली गेली आणि डबा घेऊन वर आली. मुलींनी डबा कानाशी हलवला, वास घेतला. गोड का तिखट, विचारलं. ताईने तिखट म्हणून सांगितलं. वाटली डाळ झाली, खांडवी झाली, ढोकळा, कोथिंबिरीच्या वड्या, मटार-करंज्या झाल्या. हरलात का, म्हणून ताई विचारत राहिली आणि मुली हट्टाने नाही म्हणत राहिल्या. शेवटी त्या हरल्या. डब्यात फोडणीची पोळी होती. आदल्या दिवशीच्या तिच्याच ताटातल्या, तिने हात न लावलेल्या पोळ्या कुस्करून, मिरची-कढीपत्त्याची फोडणी देऊन तिने आणल्या होत्या. भोंडल्याला शिळ्या पोळीची खिरापत कुणी करत नाही, त्यामुळे ओळखणार कोण? मुलींनी डबा पुसून खाल्ला. ताईनेही खाल्लं, दोनदा घेतलं. बाबा तिच्या ताटलीकडे बघत नाही असं दाखवत होते.

इथे मी थांबले तर ती गोष्ट होईल, आणि तसं काही झालं नाही. कागद आले, सही झाली, नंतर कोर्टाच्या फेऱ्याही झाल्या. गच्चीचं कुलूप बाबांनी वर्षभर तसंच चालू ठेवलं, फक्त रोज सकाळी ताईबरोबर स्वतः वर जाऊ लागले. पुढेही असे आठवडे आले की ती पुन्हा भिंतीकडे वळली, आणि त्यातल्या काही आठवड्यांत चिमण्यांनी, टेकडीने, कशानेही काही झालं नाही. आईने देवाला माफ केलं, पण नाशिकच्या माणसांना मरेपर्यंत केलं नाही. ताईने बालवाडीत नोकरी धरली आणि तिथे ती अजून मुलांना मातीचे बैल करायला शिकवते. बऱ्याच वर्षांनी एकदा तिने मला आपणहून सांगितलं, "त्या दिवशी फोन झाल्यावर मी गच्चीवर कशाला चालले होते ते तू कधी विचारलं नाहीस. बरं केलंस."

पण त्या संध्याकाळचं एवढं सांगायचं राहिलं. मुली गेल्या, लेलेकाकू कठडा धरत धरत खाली गेल्या आणि दिवे लागायच्या सुमारास आई वर आली. केस सुटलेले, डोळे सुजलेले. दुपारभर एकटीने रडून घेतलं होतं तिने. ती पाटाजवळ आली आणि उरलेल्या धान्याकडे बघत उभी राहिली. अंधूक उजेडात मसूर, मूग आणि तूर एकमेकांत मिसळून गेले होते.

"सगळं संपलं गं, अनू," ती म्हणाली. "आता काय करायचं आपण?"

ताई पाटाशी मांडी घालून बसली होती आणि बोटाच्या टोकाने उरलेले गहू एका बाजूला ओढत होती. तिने मान वर केली नाही.

"उद्या बाजरी आणू," ती म्हणाली. "गहू मोठा पडतो त्यांच्या चोचीला."

बाबा खुर्चीतून उठले. "उद्या," ते म्हणाले. "हो. उद्या सकाळीच आणतो." आणि एवढं बोलून आमचे बाबा, ज्यांना मी तोवर कधीही रडताना पाहिलं नव्हतं, आम्हा तिघींच्या देखत ओक्साबोक्शी रडू लागले.